एकच पान, तीन ब्राउझर, तीन अवतार: मूळ स्टाइल सारखी कशी करायची?

अंकलिपी

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक यंदापासून नेटवरही टाकायचं ठरलंय. पानं मी बांधतेय. वाचनालयाची एक जुनीपुराणी साइट होती, तिचाच साचा पुढे ओढलाय.

विंडोजवर क्रोममध्ये सगळं बऱ्यापैकी दिसतं. फायरफॉक्समध्ये शोधाची चौकट नि बटणं थोडी लहानमोठी होतात. आमच्या अध्यक्षांच्या आयफोनवर मात्र वेगळीच तऱ्हा: "शोधा" बटणाचे कोपरे गोल आणि अक्षरं चक्क निळी. शोधाच्या चौकटीत बोट ठेवलं की अख्खं पानच मोठं होऊन उजवीकडे सरकतं. त्याच फोनवर क्रोम टाकून पाहिला, तिथेही तेच.

शिवाय अनुक्रमणिका टेबलमध्ये आहे आणि तिचा फॉन्ट-साइझ बॉडीचं, म्हणजे अख्ख्या पानाला दिलेल्या स्टाइलचं, ऐकतच नाही. ही तक्रार सगळीकडे सारखी आहे.

ब्राउझरांची मूळ स्टाइल जुळवायला सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) तयार फाइली मिळतात. नेटवर कोणी म्हणतं रीसेट लाव, कोणी म्हणतं नॉर्मलाइझ. एक रीसेट उचलून चिकटवला, तर ओळी एकमेकींच्या अंगावर आल्या. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. नक्की काय लावू?

ता.क. इथे कोड टाकला की एडिटर कंस खातो, म्हणून नावं देवनागरीत लिहितेय. तुम्हीही तसंच करा.

बंडू_बारामतीकर

टेलविंड ही तयार सीएसएसची चौकट टाका, विषय संपला. त्यात प्रीफ्लाइट नावाचा रीसेट आयताच येतो.

जुनाजाणता

बंडूशेठ, पंधरा-वीस पानांच्या अंकासाठी टेलविंडची बिल्ड, म्हणजे फाइली घडवून घ्यायची खटपट, कुठे शिकवत बसता त्यांना.

अंकलिपीताई, आधी फरक कुठून येतो ते बघू. तुम्ही एक ओळही सीएसएस लिहिली नाही तरी ब्राउझर पान कोरं दाखवत नाही. प्रत्येक ब्राउझरच्या पोटात त्याची स्वतःची स्टाइलशीट असते, तिला यूजर एजंट स्टाइलशीट म्हणतात. बॉडीला चारी बाजूंनी ८ पिक्सेल मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), परिच्छेदाला वर-खाली १ एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप), एच-१ ला म्हणजे मुख्य मथळ्याला २ एम फॉन्ट, यादीला डावीकडे ४० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा), हे सगळं तिच्यातून येतं. क्रोममध्ये उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट केलंत की स्टाइल्सच्या पट्टीत अशा नियमांपुढे "यूजर एजंट स्टाइलशीट" असं लिहिलेलं दिसेल. फायरफॉक्समध्ये हे नियम दिसायला डेव्हटूल्सच्या (याच तपासणीच्या साधनांच्या) सेटिंगमध्ये ब्राउझर स्टाइल्स दाखवण्याची खूण करावी लागते.

आज हे आकडे बहुतेक ठिकाणी सारखे आहेत, कारण एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच "रेंडरिंग" असा एक भाग आहे आणि मूळ स्टाइल कशी असावी हे त्यात लिहून ठेवलंय. पूर्वी तसं नव्हतं. यादीचंच घ्या. इंटरनेट एक्सप्लोरर आणि ऑपेरा यादी आत ढकलायला डावं मार्जिन वापरायचे, मोझिला डावं पॅडिंग वापरायचा. दिसायला एकसारखं. पण तुम्ही मार्जिन शून्य केलंत की एक्सप्लोररमध्ये ठिपके डावीकडे बाहेर पडायचे आणि मोझिलात यादी जागची हलायची नाही. मग लोक वैतागून दोन्ही शून्य करायला लागले आणि तिथून "सगळ्याला मार्जिन शून्य, पॅडिंग शून्य" हा तारकावाला नियम पसरला.

२००४ मध्ये टॅन्टेक चेलिकने अनडू-एचटीएमएल नावाची छोटी फाइल काढली. पुढे याहूची रीसेट फाइल आली, २००७ मध्ये एरिक मायरची आली, आणि तीच जगभर चिकटवली गेली. तिची २.० आवृत्ती जानेवारी २०११ ची. तुम्ही उचललेली बहुधा तीच असणार, कारण तिच्यात बॉडीला लाइन-हाइट (ओळीची उंची) १, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढीच, दिलेली आहे.

नॉर्मलाइझ त्यानंतरची, निकोलस गॅलघर आणि जोनाथन नील यांची. घर रंगवायला काढल्यावर सगळा गिलावा खरवडायचा, की जिथे पोपडे आलेत तेवढंच भरून घ्यायचं, एवढाच दोघांतला फरक. रीसेट सगळं सपाट करतो: मथळे, ठळक अक्षर, यादीचे ठिपके, काही शिल्लक ठेवत नाही. नॉर्मलाइझ मूळ स्टाइल राहू देतो आणि ब्राउझरांचं जिथे पटत नाही तिथेच हात घालतो.

आयफोनवर क्रोम टाकूनही फरक पडला नाही, कारण ॲपलच्या नियमांमुळे त्या फोनवरचा क्रोम आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतो. वरचं नाव बदलतं, पान काढणारा तोच. नावं कितीही असोत, तपासायची इंजिनं तीनच: ब्लिंक, गेको, वेबकिट. एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवाले.

तिरपागडा

काही लावायच्या आधी एक सांगा. टेबलचा फॉन्ट बॉडीचं ऐकत नाही म्हणालात. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे हे पान कुठल्या प्रकारचं ते सांगणारी ओळ, आहे का?

डेव्हटूल्समधला कन्सोल उघडून डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅटमोड विचारा. उत्तर "बॅककॉम्पॅट" आलं तर पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या पानांसाठी ठेवलेल्या पद्धतीत, चालतंय.

अंकलिपी

बॅककॉम्पॅटच आलं!! डॉकटाइप आहे हो, पण त्याच्या वर पीएचपीची (सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेची) एक वॉर्निंग छापली जातेय. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात, म्हणून कधी दिसली नव्हती. कोणीतरी रंग देऊन झाकलेली दिसतेय.

तिरपागडा

धन्य आहे तो कारागीर. 😀

डॉकटाइपच्या आधी कसलाही मजकूर आला की डॉकटाइप असून नसल्यासारखा. मग ब्राउझर समजतो की हे पान विसाव्या शतकातलं आहे आणि त्या काळच्या खोडी मुद्दाम पाळतो. बॉडीचा फॉन्ट-साइझ, ठळकपणा टेबलमध्ये उतरत नाही ही त्यातलीच एक. तुमच्या अनुक्रमणिकेचं दुखणं ब्राउझरांमधल्या फरकाचं नाहीच, तिन्ही इंजिनं इथे एकमताने तसं वागतात. पण हे निस्तरल्याशिवाय रीसेटचा विचारही करू नका, नाहीतर चुकीच्या पायावर मोजमाप करत बसाल.

ती वॉर्निंग का येतेय ते शोधून ते कारणच काढा. नुसती लपवू नका.

जुनाजाणता

+१. तिरपागड्याने नाडी बरोबर पकडली. २००० मध्ये मॅकसाठी इंटरनेट एक्सप्लोरर ५ आला, त्याने डॉकटाइप बघून मोड ठरवायची पद्धत आणली आणि बाकीच्यांनी ती उचलली. तेव्हा भांडण बॉक्सच्या रुंदीचं होतं. विंडोजचा एक्सप्लोरर ५ रुंदीत पॅडिंग आणि बॉर्डर धरायचा, स्टँडर्ड म्हणायचं की धरू नका. २०० पिक्सेलचा रकाना, दोन्हीकडे २० पॅडिंग, की एकीकडे २०० आणि दुसरीकडे २४०. त्यावर उतारे म्हणून लोकांनी काय काय जंतरमंतर लिहिलं होतं!

गंमत म्हणजे शेवटी सगळ्यांना एक्सप्लोररचीच पद्धत सोयीची वाटली. आज बहुतेक नव्या रीसेटमध्ये वरच असते ती ओळ "बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स", म्हणजे रुंदीत पॅडिंग आणि बॉर्डर धरा. हरला तो पक्ष, पण म्हणणं त्याचंच लागू झालं.

अंकलिपी

वॉर्निंगचं मूळ सापडलं, काढली. कॉम्पॅटमोड आता "सीएसएस-१-कॉम्पॅट", म्हणजे स्टँडर्ड मोड, दाखवतंय. अनुक्रमणिका शहाण्यासारखी वागायला लागली.

पण आता लेखांच्या चित्रांखाली चार-पाच पिक्सेलची फट आलीय. आधी नव्हती. टेबलच्या चौकटीत चित्र आहे आणि खाली पांढरी पट्टी.

तिरपागडा

येणारच. चित्र हे मुळात इनलाइन, म्हणजे अक्षरासारखं ओळीत बसतं. ओळीची एक बेसलाइन असते, तिच्याखाली अक्षरांच्या खालच्या शेपट्यांसाठी जागा सोडलेली असते. ती फट म्हणजे ती जागा. क्वर्क्स मोड ती जागा गिळून टाकत होता.

चित्राला डिस्प्ले ब्लॉक द्या, सोबत मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो. ही ओळ तुमच्या फाइलीत कायमची ठेवा.

शिरोरेखा

उकार-वेलांट्यांबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून मधे येतेय. मला वाटतं या धाग्यातला खरा मुद्दा तोच आहे. तयार रीसेट असो वा नॉर्मलाइझ, ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी होती. आपण ते आंधळेपणाने चिकटवले की ब्राउझर एकमेकांशी जुळतात खरे, पण तिन्हीकडे मराठी सारखीच वाईट दिसते.

लाइन-हाइट. एरिक मायरच्या फाइलीत १, नॉर्मलाइझमध्ये १.१५. रोमनला १.१५ चालून जातं, कारण मूळ "नॉर्मल" जवळपास तेवढंच पडतं. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय "ट्ठ" "द्ध" सारखी उभी जोडाक्षरं. म्हणून देवनागरी फॉन्ट बनवणारे वर-खाली जागा जास्त ठेवतात आणि "नॉर्मल" आपोआप मोठं येतं. रीसेटने तिथे १ लिहिलं की ती सगळी जागा गेली. "वर्तुळाकृती" हा शब्द एका ओळीत आणि त्याच्या बरोबर खाली "कीर्ती" आणून बघा, कळेल.

मग "नॉर्मल"च राहू द्यावं का? तेही नको. नॉर्मल म्हणजे किती, हे फॉन्ट ठरवतो आणि प्रत्येक यंत्रावर देवनागरीचा मूळ फॉन्ट वेगळा. जुन्या विंडोजवर मंगल, विंडोज ८ पासून निर्मला यूआय, मॅक-आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, लिनक्सवर बऱ्याचदा लोहित. एकाच पानाची उंची पाच ठिकाणी पाच. आणि वेबफॉन्ट (पानासोबत उतरणारा फॉन्ट) लावून सगळीकडे एकच फॉन्ट केलात तरी फॉन्टच्या फाइलीत उंचीचे आकडे एकाहून जास्त तक्त्यांत असतात. मॅक एक तक्ता वाचतो, विंडोज दुसरा. फॉन्टवाल्याने ते जुळवले नसतील तर बटणातलं अक्षर एकीकडे मधोमध, दुसरीकडे किंचित वर.

म्हणून आकडा आपण द्यायचा. मजकुराला १.७, मथळ्यांना १.४ च्या खाली नाही. आणि आकडा बिनएककाचा. बॉडीला पिक्सेलमध्ये किंवा एममध्ये दिलात तर तो हिशेब होऊन पक्का उतरतो आणि मोठ्या मथळ्यालाही तोकडी उंची मिळते.

तिरपं अक्षर. एम (भर देण्याचा टॅग, वरचं माप नव्हे), साइट (संदर्भाचा), ॲड्रेस या टॅगांना ब्राउझर मूळचंच इटॅलिक देतो. देवनागरी फॉन्टांत इटॅलिक जवळपास नसतंच, मग ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतो. काना कलंडतो, वेलांटी शेजारच्यावर रेलते. अंकात कवितांच्या खाली कवीचं नाव साइटमध्ये टाकणार असाल तर हे लगेच दिसेल. मी या तिन्ही टॅगांना फॉन्ट-स्टाइल नॉर्मल देते आणि ठळक किंवा रंग वापरते.

दुव्याखालची रेघ. ब्राउझर मूळची रेघ उकारांच्या गळ्यातून नेतो, किंवा उकार टाळायला मधेमधे तोडतो. "टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट" ०.२ एमच्या आसपास दिलं की रेघ जरा खाली उतरते. तिन्ही इंजिनांत चालतं.

आणि एचटीएमएल टॅगवर लँग एमआर (भाषा मराठी) लिहायला विसरू नका. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यांत ते यामुळेच उमटतात. नाहीतर मराठी अंकात हिंदी वळणाचा ल येतो आणि नव्वद टक्के लोकांना कळतही नाही. मला कळतो, आणि मग मी पुढचं वाचूच शकत नाही. 😐

बंडू_बारामतीकर

शिरोरेखाताई, साष्टांग दंडवत. प्रीफ्लाइट आता उघडून बघितला, लाइन-हाइट १.५ आहे. म्हणजे १ पेक्षा बरा, पण यादीचे ठिपके आणि मथळ्यांचे आकार तोही उडवतो.

मथळ्यांवरून आठवलं. सेक्शन किंवा आर्टिकलच्या आत एच-१ टाकला की काही ब्राउझर तो मूळचाच लहान करून दाखवतात, हे खरं का? माझ्या एका पानावर क्रोम नि फायरफॉक्समध्ये एच-१ वेगवेगळा दिसतोय.

जुनाजाणता

खरं आहे. जितक्या सेक्शनच्या आत, तितका एच-१ लहान, असा नियम मूळ स्टाइलमध्ये होता. तो स्टँडर्डमधून काढलाय आणि २०२५ पासून ब्राउझर टप्प्याटप्प्याने काढताहेत. त्यामुळे या मधल्या काळात आवृत्तीनुसार फरक दिसणार. एच-१ ला फॉन्ट-साइझ आणि मार्जिन स्वतः लिहून टाका, कोणी कधी काढलं याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

कानोसा

मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनावर) वाचणारी आहे, तेव्हा रीसेटचा दुसरा तोटा माझ्याकडून ऐका.

एरिक मायरच्या जुन्या आवृत्तीत फोकसची चौकट (कीबोर्डने ज्या दुव्यावर पोचलो त्याभोवतीची रेघ) काढणारी एक ओळ होती आणि तिच्या डोक्यावर सूचना होती की फोकसची स्टाइल स्वतः द्यायला विसरू नका. लोकांनी ओळ घेतली, सूचना सोडली. २.० मधून ती ओळ गेली, पण चिकटवाचिकटवीत अजून हिंडते आहे. कीबोर्डवर टॅब दाबत जाणाऱ्या डोळस माणसालाही मग आपण कुठल्या दुव्यावर आहोत ते कळत नाही. तुमच्या फाइलीत "आउटलाइन शून्य" किंवा "आउटलाइन नन" दिसलं तर पहिलं ते उडवा. चौकट सगळीकडे सारखी हवी असेल तर फोकस-व्हिजिबलला स्वतःची २ पिक्सेलची आउटलाइन द्या.

दुसरं यादीचं. लिस्ट-स्टाइल नन केलं की सफारी आणि व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) यांची जोडी ती यादी मानायचंच सोडून देते. "यादी, बारा घटक" असं ऐकू येण्याऐवजी नुसते बारा दुवे येतात. अनुक्रमणिकेत किती लेख आहेत हे मला आधी कळलं तर मी ठरवते ना कुठे उडी मारायची. ठिपके नको असतील तर यूएल (ठिपक्यांच्या यादीच्या) टॅगवर रोल लिस्ट लिहा, मग ती पुन्हा यादी होते. नॅव्हच्या (साइटवर फिरायच्या दुव्यांच्या भागाच्या) आतल्या यादीला ही अडचण येत नाही.

आणि अनुक्रमणिका टेबलमध्ये का आहे? आकडे असतील तर ओएल (क्रमांकांची यादी) वापरा. लिस्ट-स्टाइल-टाइप "देवनागरी" दिलंत की १, २, ३ आपोआप मराठीत येतात.

अंकलिपी

कानोसाताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. टेबल काढून ओएल करते.

शिरोरेखाताईंचं सगळं लावलं. लाइन-हाइट १.७ नंतर फायरफॉक्स आणि क्रोम शेजारी ठेवले तर मजकुरात डोळ्यांना फरक कळत नाही.

राहिलं आयफोनचं बटण आणि ती मोठी होणारी चौकट.

तिरपागडा

फॉर्मच्या घटकांची ही जुनी खोड आहे. बटण, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया हे चौघं बॉडीचा फॉन्ट घेत नाहीत. त्यांना ब्राउझर सिस्टिमचा फॉन्ट देतो, डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये १३.३३ पिक्सेल. म्हणूनच तुमचा मजकूर वेबफॉन्टमध्ये आणि शोधाच्या चौकटीतली मराठी निर्मलात दिसत असणार. चौघांना "फॉन्ट: इनहेरिट" आणि "कलर: इनहेरिट" (वरच्या घटकाचंच घ्या) लिहा. अर्धं काम तिथेच होतं, निळी अक्षरंही त्यातच जातात.

पान मोठं होतं त्याचं कारण वेगळं. चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोनचा सफारी वाचकाच्या सोयीसाठी झूम करतो. अक्षर १६ किंवा जास्त ठेवा, झूम थांबेल. काही जण व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये झूमच बंद करायला सांगतात. ते करू नका, कमी दिसणाऱ्यांचे हाल होतात.

गोल कोपऱ्यांसाठी बटणाला बॉर्डर, बॅकग्राउंड आणि बॉर्डर-रेडियस तिन्ही स्वतः द्या. बॉर्डर किंवा बॅकग्राउंड लिहिलंत की ब्राउझर आपली सिस्टिमची सजावट सोडतो. इनपुटचा टाइप "सर्च" असेल तर अपीअरन्स नन लागेल, सफारी त्याला स्वतःचं रूप देतो.

फोन आडवा केल्यावर अक्षरं फुगत असतील तर एचटीएमएलवर टेक्स्ट-साइझ-ॲडजस्ट १०० टक्के, आणि सफारीसाठी तेच वेबकिटचा उपसर्ग लावून.

आणि बटणांची उंची पिक्सेलमध्ये बांधू नका, वर-खाली पॅडिंग द्या. ३० पिक्सेलच्या चौकटीत "शीर्षक" लिहिलं की वेलांटीचं डोकं उडतं.

बंडू_बारामतीकर

आणि हे सगळं कुठे ठेवायचं? माझे नियम रीसेटच्या खाली असूनही काही वेळा रीसेटच जिंकतो.

तिरपागडा

त्याच्या सिलेक्टरचं (नियम कुठल्या घटकाला लागतो ते सांगणाऱ्या भागाचं) वजन जास्त असणार. रीसेट एका लेयरमध्ये, म्हणजे सीएसएसच्या वेगळ्या थरात, टाका. लेयरमधला नियम लेयरबाहेरच्या साध्या नियमापुढे हरतो, सिलेक्टर कितीही वजनदार असो. फक्त रीसेटमध्ये इंपॉर्टंट (हा नियम वरचढ ठेवा अशी खूण) लिहिलेलं नको, तिथे गणित उलटं होतं. २०२२ पासून तिन्ही इंजिनांत आहे. एखाद्या ठिकाणी रीसेट नकोच असेल, म्हणजे लेखाच्या मजकुरात मूळ ठिपके-मथळे परत हवे असतील, तर त्या घटकाला "ऑल: रिव्हर्ट" द्या. पण त्याने तुमचेही नियम जातात, जपून.

जुनाजाणता

अंकलिपीताई, तुम्हाला तयार फाइल लागतच नाही असं माझं मत. वर जे जमलंय तेच मोजलं तर वीस-पंचवीस ओळी होतील: बॉर्डर-बॉक्स, बॉडीचं मार्जिन शून्य, लाइन-हाइट १.७, मथळ्यांचे आकार, चित्र ब्लॉक, फॉर्मला फॉन्ट इनहेरिट, तिरपं बंद, फोकसची चौकट. जुन्या फाइलींत बऱ्याच ओळी एक्सप्लोररसाठी आहेत आणि त्याला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्येच निरोप दिला. मायरनेही म्हटलंय की माझी फाइल ही सुरुवात आहे, आपापल्या कामाप्रमाणे बदला. तसं फारसं कोणी केलं नाही, ते सोडा.

अंकलिपी

तसंच केलं, स्वतःची फाइल बनवली. बटण सरळ झालं, चौकट जागेवर राहते.

दोन शंका उरल्या. वर्गणीच्या अर्जात जिल्ह्याचा ड्रॉपडाउन आहे, तो फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये वेगळा उघडतो. आणि तारखेची चौकट माझ्याकडे दिवस आधी दाखवते, खजिनदारांच्या लॅपटॉपवर महिना आधी.

तिरपागडा

ड्रॉपडाउनची बंद चौकट सारखी करा, उघडलेली यादी तशीच राहू द्या. फोनवर फोनची स्वतःची यादी उघडते आणि बोटाला तीच सोयीची. यादीलाही आपली स्टाइल देण्याची सोय क्रोममध्ये २०२५ मध्ये आलीय, पण तेवढ्यावर अर्ज उभा करू नका.

तारखेचा सीएसएसशी संबंध नाही. दिवस आधी की महिना आधी हे ब्राउझर आणि यंत्राच्या भाषेच्या सेटिंगवरून ठरतं, पानाच्या लँगवरून नाही. खजिनदारांचं इंग्लिश-अमेरिका असणार. सर्व्हरला तारीख दोघांकडूनही एकाच साच्यात जाते, वर्ष-महिना-दिवस, त्यामुळे नोंदीत घोळ होणार नाही. तरी वर्गणीदार गोंधळतील असं वाटत असेल तर दिवस, महिना, वर्ष अशा तीन वेगळ्या चौकटी द्या आणि महिन्याचा ड्रॉपडाउन मराठी नावांचा करा.